एकेचाळीस नंबरचा बेडूक

नेसरी,
१० जुलै २०२४

वृषभ,

आशीर्वाद मागच्या पत्रातला शिल्लक असंल, तोच वापर. नवा तू गावी आलास की.

हे पत्र क्रांती लिहिती. आपल्या गल्लीच्या तोंडाला अंगणवाडी हाय, तिथली बाई. आजवर माझी म्हणून तुला जी पत्रं आली ती तुझ्या आईनं लिहिली, आणि त्यातलं निम्मं तिचंच. मी म्हटलं 'गाढवा', की अरुणा लिहिती 'चिरंजीव'. मी म्हटलं, तुझा बाप श्रीपाल दिवसभर पेपरात तोंड घालून बसतोय, तर कागदावर उतरतंय 'आप्पांची तब्येत उत्तम'. आमच्यात बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात, म्हणून कोण बाप्या झाली न्हाय. पण अरुणा तेबी पुसून येते-जाते करती. शिकलेली सून, मला आत्ती म्हणती. तिला माझी लाज न्हाय, माझ्या बोलण्याची हाय. म्हणून क्रांतीला शपथ घातली, मी बोलतो तसं लिही.

खाली काळा ठसा दिसंल तो माझा अंगठा. खाऊची पाकिटं न्यायला बाया येतात त्यांच्यासाठी क्रांतीकडं शाईचं पॅड असतंय, त्यावर उठवलाय. इथनं पुढं ज्या पत्रावर अंगठा, ते माझं. ज्यावर न्हाय, ते घरचं. तूबी उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर धाड. फोनचं नाव काढू नकोस. माझ्या कानासाठी म्हणून तुझा बाप स्पीकर लावतोय, मग सगळी गल्ली ऐकती, मी सोडून.

आता मुद्द्याचं. तुझ्या हर्नियाच्या ऑपरेशनाला महिना होत आला. आईला दवाखान्यात येऊ दिलं न्हाईस, मित्र हाय म्हणालास. टाके निघाले म्हणालास, पण गावाकडं तोंड न्हाय. चोवीस नोव्हेंबरला लग्न. परवा रुचिताच्या आईचा फोन आलता, जावईबापू पोरीचा फोन उचलत न्हाईत म्हणून. अरुणानं सांगितलं, अभ्यास लई हाय. कसला अभ्यास ते मात्र कुणी सांगत न्हाय. श्रीपाल देवळात सांगतोय, पोरगा डॉक्टर व्हायलाय. बेडकांचा, हे गिळतोय. दिवस मावळल्यावर न जेवणाऱ्या जैनाच्या घरातला तू, आणि बेडकं फाडतोस. हे पाप कुठं धुणार ते तरी लिही.

आणि खरं काय झालंय तेबी.

झुंबरबाई
(अंगठा)

*

कोल्हापूर,
१८ जुलै २०२४

आज्जी,

नमस्कार. क्रांतीताई, तुम्हालाही, कारण आज्जीच्या आधी हे तुम्हीच वाचणार.

आधी पापाचं बोलू. मी आजवर एकही बेडूक मारलेला नाही. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या रस्त्यावर बेडूक गाड्यांखाली सापडतात. सकाळी सहा वाजता आम्ही दोघं-तिघं जातो आणि मेलेले उचलून आणतो. शिवाय एका बंद पडलेल्या कॉलेजच्या साठ बरण्या आमच्या प्राणिशास्त्र विभागाकडे आल्या आहेत. पूर्वी मुलांना फाडायला म्हणून औषधात घालून ठेवलेले, पण फाडायचे राहून गेलेले. आता कॉलेजात बेडूक फाडणं बंद झालं, म्हणून ते माझ्या वाट्याला आले.

हा आपल्या न्हाणीच्या मोरीजवळ बसतो तो, अंगभर चामखिळी असलेला जाडा बेडूक. पुस्तकात त्याला भेक म्हणतात. त्याच्या नराची एक गंमत आहे. प्रत्येक नराच्या पोटात, वृषणाच्या टोकाला, नारिंगी रंगाचा एक बारीक गोळा असतो. तो म्हणजे न वाढलेला मादीचा बीजकोश. वृषण काढून टाकलं तर तो गोळा हळूहळू वाढतो आणि त्यात अंडी धरतात. पूर्वी कुणी कुणी हे करून पाहिलं आहे. म्हणजे प्रत्येक नर पोटात थोडी मादी घेऊन फिरतो आणि त्याचं काही अडत नाही.

माझं काम इतकंच, की नर आतून किती तऱ्हेचे असतात ते बघायचं. आत्तापर्यंत एकशे बारा बघितले. एकाचं डावं वृषण लांबट आणि उजवं मुगाएवढं. एकाला तीन. कुणाला तो नारिंगी गोळा एकाच बाजूला. पुष्कळांच्या पोटात मादीच्या अंडनळीचा धागा राहिलेला असतो, कुणाचा तुटका, कुणाचा लांब. पुस्तकात नराचं चित्र एकच असतं. त्या चित्रासारखे माझ्याकडे निम्मेही नाहीत.

आणि एक एकेचाळीस नंबरचा आहे. बरणीवर कुणा विद्यार्थ्यानं लिहिलंय, 'नर, ऑगस्ट १९८७'. बाहेरून काही शंका नाही. गळ्याला ओरडायची पिशवी, पुढच्या अंगठ्यावर काळी खरखरीत गादी. मादीला घट्ट धरायला ती फक्त नरालाच येते. पण पोट उघडलं तर दोन्ही बाजूंना अंडनळ्या पूर्ण वाढलेल्या, आणि शेवटाला पिशवी, मादीला असते तशी. तो डबक्याकाठी बाकीच्यांसारखाच ओरडला असेल. त्याच्याकडे बघून कुणाला काही कळलं नसेल. त्याला स्वतःलाही कधी कळलं नसेल. कुणीतरी फाडलं म्हणून कळलं. त्याला कुठल्या रकान्यात घालायचं हे आमच्या सरांनाही सांगता येत नाही. ते म्हणतात, सोडून दे, एकशे अकराच धर. मला ते पटत नाही. चार दिवस त्याच्यावरच लिहितोय.

बाकी ठीक. रुचिताला फोन करेन, सध्या काम आहे.

वृषभ

*

नेसरी,
२७ जुलै २०२४

वृषभ,

तुझ्या बेडकाचा अंगठा काळा, माझाबी काळा. तेवढ्यावरनं मला नरात धरू नका म्हणावं तुझ्या सरांना.

क्रांती वाचताना 'वृषण' पाशी अडखळली. मी विचारलं, हे काय असतंय. ती लाजली, चूल नसताना फुंकर घातल्यासारखं तोंड केलं, मग म्हणाली, गोट्या ओ आज्जी. एवढं सोपं होतं तर चार पानं कशापायी.

बेडूक मारत न्हाईस हे बरं केलंस. देवळात आता मीच सांगतो, नातू रस्त्यावरचे मेलेले गोळा करतोय. तुझा बाप मान खाली घालून जाईल, जाऊ दे.

आता माझं ऐक. मला अक्षर कळत न्हाय, पण कागद कळतोय. क्रांतीचं वाचून झाल्यावर मी तुझी पानं मागून घेतली आणि उलटी करून बोट फिरवलं. तिसऱ्या पानावर एके ठिकाणी पेन इतकं दाबलंय की मागनं बोटाला टोचतंय. क्रांतीला म्हटलं, इथं काय लिहिलंय वाच. ती म्हणाली, 'त्याला स्वतःलाही कधी कळलं नसेल.'

बेडूक मरून सदतीस वर्सं झाली. त्याच्यासाठी कोण एवढं पेन दाबत न्हाय. होणाऱ्या बायकोला अर्धी ओळ आणि एकेचाळीस नंबरला दीड पान. डॉक्टरला तुझ्या पोटात काय गावलं, वृषभ?

क्रांतीची काळजी करू नकोस. सगळ्या वाडीतल्या पोरांची वजनं तिच्या वहीत हायत, कुणाचं कुणाला सांगत न्हाय. मोठ्या तोंडाच्या धोंडुबाईनं गूळ देऊन बघितला, तरी न्हाय.

रुचिताला काही न सांगता तोडू नकोस. दाराशी येऊन गुमान परत जाणाऱ्या माणसाला लोक चोर म्हणतात.

झुंबरबाई
(अंगठा)

*

कोल्हापूर,
४ ऑगस्ट २०२४

आज्जी,

लिहितो. फोनवर जमलं नसतं.

ऑपरेशन उजव्या बाजूच्या हर्नियाचं होतं. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की बरं नसतं. म्हणाले, हर्नियाच्या पिशवीत आतडं नव्हतं. बोटाएवढं गर्भाशय होतं, आणि त्याला दोन नळ्या. मला वाटलं भूल उतरली नाही. त्यांनी फोटो दाखवला. मी रोज असलेच फोटो काढतो, आज्जी. मला विचारावं लागलं नाही.

त्यानंतर रक्त तपासलं. रक्त पुरुषाचं आहे. ते म्हणाले, 'तुम्ही पुरुषच आहात, यात शंका धरू नका. पोटातल्या गर्भात सगळ्यांनाच सुरुवातीला दोन्हीची तयारी असते, मुलग्यात एक विरघळून जाते, तुमच्यात ती विरघळली नाही.' अशी माणसं थोडी असतात, पण असतात, म्हणाले. डावं वृषण कधी खाली उतरलंच नाही, पोटात राहिलं. मला वाटायचं काहींचं असंच असतं. आपण कुणाचं बघायला जातो? इतकी वर्षं पोटात राहिल्यानं ते निकामी झालंय, पुढं त्यात गाठ होऊ शकते, म्हणून दुसरं ऑपरेशन करून काढायचं आहे. उजवंही कमजोर आहे. मूल होण्याची शक्यता अगदी थोडी.

तान्हा असताना उपचार झाले असते तर इतकं झालं नसतं, असंही म्हणाले. त्यांनी विचारलं, 'लहानपणी घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? निदान आंघोळ घालणाऱ्या बाईच्या हाताला तरी कळायला हवं होतं.'

मला आंघोळ तूच घालायचीस ना?

आईला यातलं काही सांगू नकोस. मी रुचिताला नाही म्हणून कळवणार आहे. कारण सांगणार नाही. तुझं ते चोराचं बोलणं वाचलं. चोर तर चोर.

वृषभ

*

नेसरी,
२० ऑगस्ट २०२४

चिरंजीव वृषभ यास अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. आप्पांची तब्येत उत्तम आहे. यंदा पाऊस चांगला झाला. मागच्या परसात दोडक्याचा वेल माडीपर्यंत गेला आहे. लग्नाच्या पत्रिकेचा नमुना आप्पांनी गडहिंग्लजहून आणला आहे, सगळ्यांना पसंत पडला. तू वेळेवर जेवत जा. ऑपरेशनची जागा जपत जा. दशलक्षण पर्वात जमलं तर दोन दिवस ये.

तुझी आज्जी

ता. क. आत्तींनी सांगितलं तेवढं लिहिलं. त्यांनी एवढंच सांगितलं. पंधरा दिवस त्या नीट जेवत नाहीत, विचारलं की माझीच थट्टा करतात. तुझं आणि त्यांचं काही बोलणं झालंय का? – आई

*

कोल्हापूर,
१ सप्टेंबर २०२४

आज्जी,

अंगठा नसलेलं पत्र मिळालं. दोडक्याची बातमी कळली.

मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. तू कधी गप्प बसत नाहीस, म्हणून तुझं गप्प बसणं मला ऐकू आलं.

रुचिताला मी 'मला लग्न करायचं नाही' एवढा मेसेज पाठवला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून ती गडहिंग्लजहून आली, थेट विभागात. बरण्यांच्या खोलीत उभी राहिली, वासानं नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली, 'मी गणित शिकवते. उत्तर नुसतं लिहिलं तर मी गुण देत नाही. पायऱ्या दाखव.'

मी तिला एकेचाळीस नंबर दाखवला. मग बाकीचं सांगितलं, सगळं. ती स्टुलावर बसून ऐकत होती. मुलांचं सांगितलं तेव्हा रडली. मग बराच वेळ त्या बरणीवरचं लेबल वाचत राहिली. मला वाटलं आता उठेल. ती म्हणाली, 'तुझ्या पोटात काय आहे याचा मला विचार करावा लागेल, पण तो मी करू शकते. मला एक सांग. स्थळ बघायला तुमच्या घरचे सात जण आले होते. त्यांच्यातल्या कुणाला हे माहीत होतं का? माहीत असून तुम्ही आमच्या घरी पोहे खाल्ले असतील, तर त्या घरात मला यायचं नाही.'

मी म्हणालो, कुणालाही नव्हतं. ती म्हणाली, 'घरी विचारून सांग. पर्व संपून क्षमावाणी होईपर्यंत थांबते.'

आज्जी, त्या सात जणांत तू होतीस. पोहे तिखट आहेत म्हणून दोनदा साखर मागून घेतलीस.

मी तिला जे सांगितलं ते खरं आहे ना? नसलं तरी तू खरं आहे म्हण, असं मनात एकदा येऊन गेलं. लिहून टाकतो, म्हणजे जाईल.

वृषभ

*

नेसरी,
१८ सप्टेंबर २०२४, क्षमावाणी

वृषभ,

अक्षर बघून पत्र बाजूला टाकू नकोस. आधी खाली अंगठा बघ, मग वाच.

आज सकाळी देवळातनं आल्यावर अरुणा माझ्या पाया पडली, उत्तम क्षमा म्हणाली. मीबी म्हटलं. दरसाल म्हणतोय. आजच्या दिवशी मी गल्लीभर हात जोडत फिरतो, कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा करा. काय चुकलं ते कुणी विचारत न्हाय आणि आपण सांगत न्हाय. लई सोयीचं असतंय. ह्या वर्षी ते तोंडात कडू लागलं. मी अरुणाला म्हटलं, बस, कागद घे, वृषभला पत्र लिहायचंय, मी बोलतो तसंच लिहायचं. ती म्हणाली, 'क्रांतीला बोलवू का?'

म्हंजे तिला ठाऊक होतं. कधीपासनं, विचारलं. 'जुलैपासून. तुमच्या अंगठ्याची शाई पदराला लागते आत्ती, आणि पदर मी धुते.' अडीच महिने बोलली न्हाय. मी लई हुशार समजत होतो स्वतःला.

तुझ्या पोटात डॉक्टरला काय गावलं ते मी तिला सांगितलं. तू नको म्हणाला होतास. ते पत्रात लिहायची गरज न्हाय, तुला माहीत हाय. तिनं पेन खाली ठेवलं, डोळं पुसलं आणि म्हणाली, 'दुसरं ऑपरेशन कधी आहे?' मी म्हटलं, ते नंतर. आता पुढचं लिही, आणि हे तूबी पहिल्यांदा ऐकणार हाईस.

व्हय, तुला आंघोळ मी घालत होतो. पाच महिन्यांचा होतास. तेल लावताना डाव्या बाजूला हाताला काही लागंना. रोज बघायचो, आज यील, उद्या यील. अरुणाच्याबी ध्यानात आलं. ती बावीस वर्सांची पोर. म्हणाली, गडहिंग्लजला डॉक्टरांना दाखवूया. मी म्हटलं, तू कशाला, मी नेतो.

तवा तुझ्या आत्याची सोयरीक ठरत आलती. सुपारी फुटायची राहिलेली. तुला घेऊन मी एसटीनं गेलतो. दवाखान्याच्या दारात चप्पल काढली, आत वाकून बघितलं, तर बाकावर तुझ्या आत्याच्या होणाऱ्या सासऱ्याचा भाऊ बसलेला. खोकत होता. त्यानं मला बघितलं न्हाय. मी विचार केला, ह्याच्यासमोर तुला उघडा करून डॉक्टर काय बोलंल? ह्या घरात पोरगं असं निपजतंय, हे संध्याकाळच्या आत आजऱ्याला तिच्या होणाऱ्या सासरी जाईल. पोरीचं लग्न मोडंल. मी चप्पल घातली.

स्टँडवर बसून च्या घेतला. तू माझ्या मांडीवर हसत होतास. मग औषधाच्या दुकानातनं ग्राइप वॉटरची बाटली घेतली, दवाखान्यातनं आल्यासारखं दिसावं म्हणून. घरी येऊन अरुणाला सांगितलं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक हाय, आपोआप उतरंल, हे औषध पाज.

इथं अरुणा उठली. पेनाला टोपण बी न लावता भाईर गेली. मी एकटाच कागदासमोर बसलो. काय लिहिलंय ते वाचता येत न्हाय, म्हणून पालथा करून बोट फिरवलं. शेवटच्या ओळीत कागद फाटलाय.

तासाभरानं आली. हातात क्रांतीचं शाईचं पॅड होतं. कुठं गेलतीस विचारायची माझी छाती झाली न्हाय. बसली, नवं पान घेतलं आणि म्हणाली, 'पुढं सांगा.'

पुढं फार न्हाय. आत्याचं लग्न झालं, नांदती, तीन पोरं हायत. मी मनाला सांगितलं, पुढच्या वर्षी दाखवू. मग तू पळायला लागलास, आंघोळ स्वतःची स्वतः करायला लागलास, आणि मला बरंच झालं, हाताला कळायचं बंद झालं. रुचिताच्या घरी पोहे खाताना माझ्या मनात आलं न्हाय असं सांगितलं तर तेबी खोटं. आलं. मी साखर मागितली.

आता रुचितानं विचारलेलं. तुझं मागचं पत्र आल्यावर मी बारा-तेरा दिवस एकच विचार केला. कुणाला ठाऊक नव्हतं असं मी म्हटलं तर लग्न हुईल. साक्षीदार कोण? एक मी, दुसरा च्यावाला. पण एका पोरीचं लग्न टिकवायला मी एकदा गप्प बसलो, त्याची गाठ तुझ्या पोटात बसली. दुसऱ्यांदा गप्प बसलो तर ती रुचिताच्या पदरात जाईल. तिनं पायऱ्या मागितल्यात न्हवं? घरात एकीला ठाऊक होतं. अरुणाला फसवलं, श्रीपालला तर ते काय असतंय तेबी आजवर माहीत न्हाय. हे पत्र अरुणा दोनदा उतरवून काढणार हाय. एक तुला. एक रुचिताला, शाळेच्या पत्त्यावर.

वाचून ती न्हाय म्हणाली, तर माझ्यापायी म्हणाली. तुझ्या पोटापायी न्हाय. हे मनावर कोरून ठेव. ती व्हय म्हणाली तर मला त्या लग्नात मांडवात बसवायचं का कोनाड्यात, ते तिनं ठरवायचं.

तुझ्या त्या एकेचाळीस नंबरला एकशे बारातनं बाहेर काढू नकोस. रकाना नसंल तर नवा आख. सरांना म्हणावं, आमच्या आज्जीनं एकदा एकाला रकान्याबाहेर ठेवलंता, त्याचं काय झालं ते बघा.

दरसाल नुसतीच मागतो तशी क्षमा तुझ्याकडं मागत न्हाय. काय चुकलं ते सांगितलं. बाकी तुझं तू बघ.

झुंबरबाई
(अंगठा) (अंगठा)

वृषभ,

आत्ती बोलल्या तसं लिहिलं आहे, एक अक्षर बदललं नाही. ते ग्राइप वॉटर मी तुला चमच्यानं पाजत होते, सकाळ-संध्याकाळ. संपलं की तीच बाटली दाखवून नवी आणवत होते, डॉक्टरांनी दिलंय म्हणून. वर्षभर.

सकाळी मी त्यांना उत्तम क्षमा म्हणाले ती काही माहीत नसताना म्हणाले. ती मी धरत नाही. पुन्हा म्हणेन तेव्हा म्हणेन. आज जेवायला वाढलं, एवढंच झालं.

शनिवारी पहिल्या एसटीनं कोल्हापूरला येते. ऑपरेशनची तारीख डॉक्टरांकडून मी घेणार आहे, समोर बसून.

अंगठा उठवताना पहिला ठसा फिसकटला. तो तुला वर दिसेल. त्याच्या शेजारचा दुसरा नीट आला आहे, कारण त्यांचा अंगठा मी धरला होता. रुचिताच्या पत्रावरही मीच धरला.

आई